सुवर्णाबाईंचा डबा आणि भागीबाईचा पाळणा

सुवर्णाबाई धात्रक रागावल्या नाहीत असा दिवस त्यांच्या नवऱ्याला, ज्ञानेशला, लग्नानंतरच्या बारा वर्षांत आठवत नव्हता. पंचाईत अशी, की बाईंचा राग शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर असे. उगीच चिडणाऱ्या माणसाकडे दुर्लक्ष करता येतं. बरोबर असून चिडणाऱ्याचं काय करायचं? ज्ञानेश शाळेत चित्रकला शिकवायचा आणि इंदिरानगरातल्या घरी आला की बहुतेक वेळ गप्प बसायचा. त्यालाच लोक सुखी संसार म्हणत.

बाईंचं माहेर मखमलाबादचं. वडिलांचा शेवंतीचा मळा होता आणि तोडलेली फुलं बाजारात जाण्याआधी निवडायचं काम लहान सुवर्णाकडे होतं. चेपलेलं, किडकं, अर्धवट उमललेलं फूल ती अशी भिरकावून द्यायची, की वडील म्हणायचे, "अगं, देवाच्या गळ्यात जायचीत ती. देव काय भिंग घेऊन बसतो का?" त्यावर सात वर्षांच्या पोरीने उत्तर दिलं होतं, "देव नसेल बघत. मी बघते ना!" वडिलांनी त्याच दिवशी ओळखलं, की हिला सासरी नांदवणं सोपं नाही.

नव्वद साली तिने आयटीआयला मशिनिस्टचा ट्रेड घेतला. वर्गात मुलगी ती एकटीच. शिकवणारे एक सर रोज न चुकता सांगायचे, "सहा महिन्यांत लग्न होऊन जाशील, कशाला एका मुलाची जागा अडवतेस?" सुवर्णा पहिली आली आणि पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्याच टेबलापुढे जाऊन उभी राहिली. पुढे अंबडच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायची नोकरी लागली आणि तिथे जन्मभराच्या शत्रूशी गाठ पडली. त्या शत्रूचं नाव 'चालतंय'. भोक जरासं मोठं झालं? चालतंय मॅडम. कड नीट घासलेली नाही? चालतंय मॅडम. "कुणाला चालतंय?" बाई हातातलं मापाचं हत्यार टेबलावर आपटून विचारायच्या. "ज्याच्या गाडीचा ब्रेक लागणार नाही, त्याला विचारून आलात का?" मशीनवरची माणसं त्यांच्या पाठीमागे त्यांना काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अशा बाईला एखादा छंद लागला, तर तो फुलदाण्या रंगवण्याचा थोडाच लागणार? २००३ साली कारखान्यात नवं यंत्र बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला. त्याचं नाव कुणालाच धड उच्चारता येत नसे. रविवारी तो हातात मोबाइलएवढं पिवळं यंत्र घेऊन एकटाच डोंगरात जायचा. बाईंनी एकदा सरळ विचारलं, तुम्ही तिकडे करता काय? त्याने मोडक्या इंग्रजीत जे सांगितलं ते त्यांनी त्याहून मोडक्या इंग्रजीत समजून घेतलं. जगात कुठेतरी कुणीतरी एक डबा लपवतो. त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. दुसरा कुणी ते आकडे यंत्रात भरून चालत जातो, डबा शोधतो, आतल्या वहीत नाव लिहितो, वाटलं तर एखादी वस्तू घेतो, बदल्यात तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवतो आणि डबा होता तसा ठेवून निघून येतो. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात.

"आणि मिळतं काय?" घरी ज्ञानेशने विचारलं.

"डबा."

"मग तो घरी आणायचा?"

"छे! परत ठेवायचा."

ज्ञानेशला हसू आवरेना. बाईंना मात्र हा खेळ एका दमात पटला. सगळं मोजलेलं, सगळं नियमात, आणि कुणी पाहत नसताना नियम पाळायचे, म्हणजे तर त्यांच्या मनासारखंच. जर्मन साहेब परत जाताना आपलं जुनं यंत्र त्यांना देऊन गेला. बाई दर शुक्रवारी कामावरून सुटल्यावर सायबर कॅफेत जाऊ लागल्या आणि दर रविवारी ज्ञानेशच्या स्कूटरवर मागे बसून डोंगराकडे. ज्ञानेश चित्रांची वही घ्यायचा. बायको झुडपं उलथीपालथी करत असताना तो झाडाखाली बसून झाड काढायचा.

नाशकात तेव्हा हा खेळ खेळणारी माणसं दहा-बारा. ती कधी एकत्र भेटली, तर सुवर्णाबाई त्यांना शिकवणी दिल्यासारखं बोलायच्या. डबा लपवायचा तर जागेचं माप एकदा घेऊन भागत नाही. चार वेगवेगळ्या दिवशी घ्या आणि मध्य काढा. यंत्र तुम्हाला दगडापर्यंत नेतं, दगडाखाली ते बघत नाही. तिथे पोचलात की ते खिशात टाका आणि डोळे वापरा. कपारीत आधी काठी घाला, मग हात. विंचवाला हा खेळ ठाऊक नाही. वहीबरोबर पेन्सिल ठेवा, पेन पावसाळ्यात दगा देतं. आणि खाण्याची वस्तू कधी म्हणजे कधी ठेवू नका.

पण ऐकतो कोण? एका दीडशहाण्याने फरसाणाची रिकामी बरणी डबा म्हणून पुरली. पुरली! जमीन खणायची नाही, हा खेळाचा पहिला नियम. मुंग्यांनी वही खाल्ली, उंदरांनी बरणी. दुसऱ्या एकाने होकायंत्र उचललं आणि बदल्यात एसटीचं फाटकं तिकीट ठेवलं. तिसऱ्याने तर कमाल केली, महामार्गावरच्या मोरीखाली डबा खोचला. जागोजागी बॉम्बच्या बातम्यांचे ते दिवस. तो शोधायला गेलेली दोन पोरं पोलिसांनी धरली. सोडवायला बाई चौकीत गेल्या, तर तिथले साहेब म्हणाले, "बाई, मोरीखाली डबा लपवायचा आणि त्याला खेळ म्हणायचं?" बाई म्हणाल्या, "साहेब, तुमचं बरोबर आहे. तो डबा ठेवणाऱ्यालाच आत टाका." पोरं सुटली, पण आपल्याच बाजूच्या माणसाला आत टाका म्हणणारी ही बाई साहेबांच्या चांगलीच लक्षात राहिली असणार.

आता त्यांच्या स्वतःच्या डब्याची गोष्ट. २००४ च्या हिवाळ्यात त्यांनी पहिला डबा लपवला. हरसूलच्या पलीकडे कळमपाडा नावाची वीसेक घरांची वस्ती आहे. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात राहणारी माणसं. भात-नागली पिकवायची आणि हंगाम आला की नाशिककडच्या द्राक्षबागांत कामाला उतरायची. वस्तीच्या वर डोंगराच्या खांद्यावर दाट झाडांची राई आहे आणि राईत वाघदेव. शेंदूर फासलेला लाकडी खांब, त्यावर कोरलेला वाघ आणि चंद्र-सूर्य. देवस्थानापाशी डबा ठेवायचा नाही, हे बाईंना पाठ होतं. त्यांनी खांबापासून चाळीस पावलं मोजली आणि करवंदीच्या जाळीखाली, दोन दगडांच्या बेचक्यात स्टीलचा कडीवाला डबा ठेवला. आत वही, पेन्सिल, शिट्टी, गोट्या, काचेच्या बांगड्या आणि जत्रेतून आणलेली बोटभर प्लास्टिकची बाहुली.

राईत वाळलेली काटकीसुद्धा कुणी उचललेली नव्हती. बाई खूश होऊन ज्ञानेशला म्हणाल्या, "बघ, इथे कुणी फिरकतच नाही. डब्याला याहून सुरक्षित जागा नाही." खाली वीस घरांत चुली पेटतात, बायका सरपणासाठी कोसभर चालतात आणि हाताशी असलेलं लाकूड तसंच पडून राहतं, ते का? हा प्रश्न या तपासणीवाल्या बाईला पडू नये? शहरातल्या माणसाला डोंगर नेहमी रिकामाच दिसतो. आपल्याला कुणी दिसलं नाही, म्हणजे आपल्यालाही कुणी पाहिलं नाही, असं तो खुशाल धरून चालतो.

दोन वर्षं सगळं छान चाललं. पुण्या-मुंबईची माणसं येऊन डबा शोधून गेली आणि वेबसाइटवर वाहवा करून गेली. मग २००६ च्या दिवाळीआधी एका शुक्रवारी बाईंनी सायबर कॅफेत आपल्या डब्याचं पान उघडलं, तर नवी नोंद होती. मयूर नावाच्या पोराची. मूळचा नाशिकरोडचा, पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत. एका वर्षात शंभर डबे शोधायचे म्हणून धावत सुटलेला. त्याने लिहिलं होतं, डबा पाच मिनिटांत सापडला, छोटा चांदीसारखा पाळणा घेतला, की-चेन ठेवली, धन्यवाद.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाळण्याच्या बदल्यात की-चेन? हा पाळणा आपल्या डब्यात आला कुठून, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण मोल सारखं हवं हा नियम त्यांना ठाऊक होता. तिथल्या तिथे त्यांनी मयूरला पानभर पत्र ठोकलं. रविवारी डबा तपासायला त्या ज्ञानेशला घेऊन राईत गेल्या.

डब्यात फुटबॉलची की-चेन होती आणि बाहुली नव्हती. वही उघडली तर नावांच्या मध्ये दोन ठिकाणी शेंदराचे लाल डाग. एक जुना, एक ताजा. "वहीची पार घाण केली! साधं नाव लिहायला येत नाही लोकांना?" बाई कडाडल्या.

"नाय येत," मागून आवाज आला.

साठीची एक बाई हातात काठी घेऊन उभी होती. चार-सहा शेळ्या खालच्या उतारावर चरत होत्या. तिचं नाव भागीबाई. तिने आधी बाईंना आणि मग झाडाखाली बसलेल्या ज्ञानेशला नीट न्याहाळलं. "तुम्हीच पहिल्यांदी आलता. तू चाळीस पावलं मोजली व्हती. ह्यो बाबा तवा बी चित्रच काढीत व्हता." मग ती दोन पावलं पुढे आली. "माझा पाळणा कोणी नेला, बाई?"

आणि मग सगळा उलगडा झाला. ते लाल डाग म्हणजे भागीबाईचे अंगठे होते. शेळ्यांमागे हिंडताना तिने दोन वर्षं पाहिलं होतं. लांबलांबून माणसं येतात. जाळीपाशी गुडघे टेकतात, वाकतात. डब्यातून काहीतरी घेतात, काहीतरी ठेवतात, वहीत नाव घालतात आणि डबा पुन्हा झाकून जातात. "एकदा तर गोरा माणूस आला," भागीबाई म्हणाली. "येवढ्या लांबून लोक येतात, म्हंजे हितं देव पावतो. अन् राईत ठेवलं ते देवाचंच. हितली काटकी बी आम्ही घरी नेत नाय."

तिच्या सुनेची दोन बाळंतपणं वाया गेली होती. भागीबाईने सगळे करतात तसंच केलं. डब्यातली बाहुली घेतली, शेंदराने अंगठा उठवला आणि बोलली, की पोरगा नाय तर पोरगी, पण जितं लेकरू दे, चांदीचा पाळणा वाहीन. बाहुली सुनेच्या उशाशी बांधली. चैत्रात नात झाली. मग सासू-सुनेने गिरणाऱ्याच्या द्राक्षबागांत काम करून, हरसूलच्या सोनाराकडून करंगळीएवढा पाळणा घडवून घेतला आणि घटस्थापनेला भागीबाईने तो डब्यात ठेवला. बदल्यात वस्तू, वहीत खूण आणि डबा होता तसा. खेळाचे नियम पुण्या-मुंबईच्या एकाही शहाण्याने पाळले नसतील इतके चोख, या बाईने नुसतं बघून पाळले होते.

"मी साऱ्या पाड्याला सांगितलं, नवस फेडला म्हणून. मंग पुंजानं येऊन बघितलं, तर पाळणा नाय. ही गोटी व्हती." तिने की-चेनकडे काठी दाखवली. पुंजा म्हणजे पाड्याचा भगत, देवाचं सगळं पाहणारा. लोक म्हणू लागले, म्हातारीने पाळणा वाहिलाच नाही, नुसता मोठेपणा मिरवला. आठ दिवसांनी, सोमवारी वाघबारस होती. त्या दिवशी अख्खा पाडा देवापुढे जमतो आणि वर्षाचे नवस सगळ्यांसमोर सांगून, दाखवून पुरे होतात. ज्याचा नवस दिसत नाही, त्याला वाघदेवावर हात ठेवून सांगावं लागतं. "साठ वरसं झाली. माझ्या शब्दाला कोणी हात ठेव म्हणलं नाय," भागीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

ज्ञानेश चटकन म्हणाला, "आत्ताच खाली जाऊन पुंजाबाबांना सांगू या."

"पुंजा गिरणाऱ्याला गेला, समदे बापये गेलेत. वाघबारशीलाच येतील."

"सांगायची गरजच नाही," सुवर्णाबाई म्हणाल्या. "नुसत्या तोंडी शब्दावर कशाला विसंबायचं? मी पाळणाच आणून देते. वाघबारशीच्या आत."

"गुरं सुटायच्या आधी माणसं जमतात, बाई. सकाळच्याला."

"त्याच्याही आत."

भागीबाईने मान हलवली आणि शेळ्यांमागे निघून गेली. हातात आठ दिवस होते. पाळणा आणायला दोन पुरले असते.

बाईंनी काय केलं? त्याच संध्याकाळी त्या सायबर कॅफेत जाऊन बसल्या आणि मयूरला दुसरं पत्र लिहिलं. त्यात घडलेली हकिकत चार ओळींत होती आणि मयूरची कानउघाडणी चाळीस. मंगळवारी त्याचं उत्तर आलं. पोरगा वाईट नव्हता. त्याने लिहिलं, मॅडम, मला ते जर्मन सिल्व्हरचं खेळणं वाटलं, मनापासून वाईट वाटतं. तो पाळणा मी बहिणीच्या लग्नाची पैठणी घ्यायला येवल्याला गेलो, तेव्हा तिथल्या टेकडीवरच्या माझ्या डब्यात ठेवला. हे घ्या अक्षांश-रेखांश, तिथेच असेल, घेऊन या.

"घेऊन या?" बाई घरात येरझाऱ्या घालू लागल्या. "मी? याने उचलायचं आणि मी आणायचं? ज्याने नेला त्यानेच आणला पाहिजे. आणि त्या म्हातारीची माफी मागितली पाहिजे, तिच्यासमोर उभं राहून!"

"बरोबर आहे," ज्ञानेश म्हणाला. "पण येवला काही लांब नाही. उद्या रजा टाक. मी येतो."

"प्रश्न अंतराचा नाही, तत्त्वाचा आहे."

तत्त्वाचा प्रश्न बुधवारी पत्रातून गेला. गुरुवारी मयूरचं उत्तर आलं, रजा मिळत नाही, दिवाळीच्या सुट्टीत नक्की आणतो. दिवाळीची सुट्टी म्हणजे वाघबारस उलटून गेल्यावर! शुक्रवारी बाईंनी देशभरच्या खेळाडूंच्या चर्चेत हा सगळा प्रकार जाहीर लिहिला. कुणी त्यांची बाजू घेतली, कुणी मयूरची. बंगळुरूच्या एका गृहस्थांनी मोल सारखं म्हणजे नेमकं किती, यावर प्रबंध लिहिला. बाईंनी शनिवारी त्यालाही मुद्देसूद उत्तर दिलं. उत्तर खरोखर फार चांगलं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मोजायला बसलं, की दिवस कसे जातात कळत नाही.

शनिवारी जेवताना ज्ञानेशने ताट बाजूला सारलं. एरवी गप्प राहणारा माणूस. "सुवर्णा, सोमवारी त्या बाईला देवावर हात ठेवावा लागणार आहे. तिला मयूरची माफी नकोय. तिला पाळणा हवाय."

रविवारी दोघं एसटीने येवल्याला गेली. एवढ्या पल्ल्याला जुन्या स्कूटरचा भरवसा नव्हता. दिवाळीच्या गर्दीने बस तीन ठिकाणी रखडली. टेकडीवर पोचायला चार वाजले आणि मयूरने दिलेले आकडे चुकलेले निघाले. थोडेथोडके नाही, साठ फुटांनी! पोराने एकदाच माप घेतलं होतं, तेही बहुधा चालता चालता. बाई अंधार पडेपर्यंत दगड उचलत राहिल्या आणि प्रत्येक दगडागणिक मयूरचा उद्धार करत राहिल्या. त्यांचं बरोबरच होतं. साठ फूट म्हणजे काय चेष्टा आहे? पण टेकडीवर तो उद्धार ऐकायला ज्ञानेशशिवाय कुणी नव्हतं, आणि तोही दगडच उचलत होता.

रात्र स्टँडजवळच्या लॉजमध्ये काढली. सोमवारी उजाडता उजाडता ती पुन्हा वर चढली. शेवटी डबा ज्ञानेशला सापडला. एका कोरड्या टाक्याच्या काठाशी, कपारीत. आत रबर, नाणी, बिल्ले आणि त्या गर्दीत करंगळीएवढा पाळणा. त्याच्या दोन्ही बाजूंना सोनाराने बारीक पोपट काढले होते. हे खेळणं आहे, असं मयूरला वाटलं कसं? बाईंनी तो रुमालात बांधला, कंबरेला खोचला आणि घड्याळ पाहिलं. साडेसात वाजले होते. कळमपाड्यात गुरं सुटली असतील.

येवल्याहून नाशिक, घरून स्कूटर, मग हरसूल, मग डोंगराची पायवाट. राईत पोचायला दीड वाजला.

राईत अजून माणसं होती. पूजा आटोपून गेली होती; दगडांच्या चुलीवर शिजलेला नैवेद्याचा भात पानांवर वाढणं चाललं होतं. खांबाला ताजा शेंदूर होता. भागीबाई पंगतीत नव्हती. ती एकटी, जरा लांब, मोहाच्या झाडाखाली बसली होती. सुनेच्या मांडीवर सहा महिन्यांची नात होती. भागीबाईच्या उजव्या हाताचा तळवा लालभडक दिसत होता. अंगठा नाही, अख्खा तळवा.

बाईंना काही विचारावं लागलं नाही.

त्या तरातरा खांबापुढे गेल्या. रुमाल सोडून पाळणा हातावर धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागल्या. "ऐका! पाळणा हिने ठेवला होता. हा बघा. पुण्याच्या एका मुलाने तो उचलला. त्याने नियम नीट वाचले नाहीत. मी त्याला तीन पत्रं लिहिली, पण त्याने..."

पंगतीत कुणाचाच हात हलत नव्हता. वाघदेवापुढे उभं राहून आपण मयूरची तक्रार करतोय, हे बाईंच्या स्वतःच्याच कानांवर पडलं आणि त्या थांबल्या. डोक्याला पांढरं फडकं गुंडाळलेला म्हातारा पुंजा उठला, पाळणा जवळून पाहिला आणि म्हणाला, "खरं बोलली म्हातारी."

"ते म्या हात ठेवून सांगितलंच की," भागीबाई जागेवरूनच म्हणाली. मग सुवर्णाबाईंकडे वळून तिने विचारलं, "आठ दिस व्हते तुझ्याकडं. काय केलं, बाई?"

खोटं बोलणं सुवर्णाबाईंना कधीच जमलं नव्हतं. "भांडत होते," त्या म्हणाल्या.

"कोणासंगं?"

"ज्याने नेला त्याच्याशी. त्याने तुमची माफी मागावी म्हणून."

"म्या मागितली व्हती का माफी?"

आयुष्यभर ती बाई दुसऱ्याचं चुकलेलं माप दाखवत आली होती. संताप सगळा आत होता, पण तो टाकायला समोर दुसरं कुणी उरलं नव्हतं. डबा आपण ठेवला. चाळीस पावलं मोजली आणि देवाची हद्द कुठवर ते एका माणसाला विचारलं नाही. पाळणा कुठे आहे ते मंगळवारी कळलं होतं आणि आपण रविवारी उठलो. त्या पुंजाकडे वळल्या. "बाबा, त्या मुलाचं राहू द्या. चूक माझी आहे. डबा माझा. त्याला कुणाचा नवस नाही, काही नाही. तो आमचा एक खेळ आहे. भागीबाईंना तो देवाचा वाटला, यात त्यांचं काही चुकलं नाही. उशीरही मीच केला. माझ्यामुळे त्यांना हात ठेवावा लागला."

खेळ हा शब्द ऐकून बायकांत कुजबुज झाली. एका तरुणाने रागाने पान सारलं. पुंजाने त्याला डोळ्यांनीच बसवलं. मग तो बाईंना शांतपणे म्हणाला, "बरं झालं, येऊन सांगितलं. पटलं आम्हाला. डबा घेऊन जा, पाळणा हितं ठेव. बस, दोन घास खा."

बाईंनी पाळणा खांबाच्या पायथ्याशी ठेवला. जाळीतून डबा काढला आणि काखेत मारून भागीबाईपुढे येऊन उभ्या राहिल्या. "चुकलं माझं," त्या पुन्हा म्हणाल्या. या वेळी हळू.

भागीबाईने लाल तळवा लुगड्याला पुसला. शेंदूर निघाला नाही. "तू आत्ता आलीस, बोललीस, अन् समद्यांनी खरं धरलं," ती म्हणाली. "तू कोण, कुठली, हे बी कोणाला ठाव नाय. पण तुला नाय कोणी म्हणलं, देवावर हात ठेव."